कोऱ्या करकरीत नोटेचे मोल

मराठीत नव्या नोटेला नुसती ‘नवी’ म्हणत नाहीत, ‘कोरी करकरीत’ म्हणतात. या दोन शब्दांत त्या नोटेची परीक्षाच सांगितली आहे. कोरी म्हणजे जिच्यावर वापराची खूण नाही अशी आणि करकरीत म्हणजे बोटांत धरून हलवली असता जी आवाज करते अशी. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हणात, लग्नाच्या आहेराच्या पाकिटात आणि भाऊबीजेच्या ओवाळणीत आपल्याला अशीच नोट हवी असते. एरवी व्यवहारात मळक्या नोटेची आणि कोऱ्या नोटेची किंमत एकच, तरीही मळकी नोट आधी खर्च करावी आणि कोरी मागे ठेवावी, हा मनुष्यस्वभाव आहे.

जुन्या कागदी चलनाचा संग्रह करणाऱ्यांच्या जगात मात्र हा फरक केवळ भावनेचा राहात नाही. एकाच वर्षाची, एकाच सहीची आणि एकाच दर्शनी मूल्याची एक नोट शे-दोनशे रुपयांना विकली जाते, तर दुसरीला तिच्या कितीतरी पट रक्कम मिळते. दोहोंत अंतर असते ते एखाद्या घडीचे. इंग्रजीत ज्याला ‘अनसर्क्युलेटेड’ आणि संग्राहकांच्या बोलीत ‘यूएनसी’ म्हणतात, ती अवस्था नेमकी कोणती, भारतीय नोटांच्या बाबतीत ती इतकी दुर्मीळ का, आणि ती ओळखताना अनेकजण का फसतात, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल. ज्यांचा या छंदाशी काहीही संबंध नाही, अशांच्या घरीही आजोबांच्या ट्रंकेत, पोथीच्या पानांत किंवा जुन्या पासबुकात एखादी अशी नोट पडून असू शकते. ती हाती आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आपण काय करतो, यावर तिचे मोल राहते किंवा जाते.

अवस्थांची उतरंड

बँकनोटांच्या अभ्यासकांची ‘इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी’ ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. तिने नोटांच्या अवस्थेची जी उतरंड रूढ केली, तीच थोड्याफार फरकाने जगभर वापरली जाते. सर्वात वर ‘अनसर्क्युलेटेड’, त्याखाली ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’, मग ‘एक्स्ट्रीमली फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘फाइन’ असे करीत ही शिडी ‘पुअर’पर्यंत उतरते. नवख्याला यातली गंमत लवकर कळत नाही. ‘फाइन’ या शब्दाचा आपण लावतो तो अर्थ येथे लागू पडत नाही. संग्राहकांच्या भाषेतील ‘फाइन’ नोट चांगली मळलेली, अनेक घड्या पडलेली, बरेच हात फिरलेली असते.

सर्वात वरच्या पायरीची व्याख्या कठोर आहे. कागद स्वच्छ आणि ताठ हवा, रंग उतरलेला नको, चारही कोपरे काटकोनात आणि टोकदार हवेत, कागदावर मूळची नैसर्गिक चकाकी हवी आणि घडी, मुडप किंवा डाग असा एकही नको. नोटेच्या मधोमध एक हलकी घडी असली, किंवा मोजताना कोपऱ्याला पडलेला एखादा दाब असला, की ती पायरी सुटते आणि नोट ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’ होते. एकच घडी, पण ती परत घेता येत नाही. कागद हा तंतूंचा बनलेला असतो. घडी पडते तेथे तंतू वाकतात, काही तुटतात. वरून सपाट केले तरी आतली मोड कायम राहते. चांदीचे नाणे काळे पडले तर धातू तरी शिल्लक राहतो. कागदाला कोरेपणाखेरीज दुसरे भांडवल नसते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. चलनात न आलेली प्रत्येक नोट या व्याख्येत बसतेच असे नाही. याचे ठळक उदाहरण हैदराबाद संस्थानाच्या नोटांचे आहे. निजामाच्या या संस्थानाने १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. लंडनच्या ‘वॉटरलो अँड सन्स’ या छापखान्यात त्या छापल्या जात. अशा नोटांची एक खेप घेऊन निघालेले ‘इजिप्त’ हे जहाज २० मे १९२२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाले. त्यावर मोठ्या प्रमाणात सोने-चांदीही होती. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी ते सोने वर काढले, तेव्हा त्यासोबत हैदराबादच्या सही न झालेल्या नोटाही सापडल्या. या नोटा एकाही बाजारात फिरल्या नाहीत, एकाही माणसाने त्या खर्च केल्या नाहीत. तरीही समुद्राच्या पाण्याने डागाळलेला त्यांचा कागद ‘अनसर्क्युलेटेड’च्या व्याख्येत बसत नाही. त्यांना किंमत आहे ती त्यांच्या कहाणीची.

याउलट घडलेलेही एक उदाहरण आहे. लंडनहून मुंबईला येणारे ‘शिराला’ हे जहाज २ जुलै १९१८ रोजी जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यातील काही नोटा किनाऱ्याला लागल्या. त्यापैकी दहा रुपयांच्या दोन नोटा मे २०२४ मध्ये लंडनमध्ये लिलावात आल्या. घट्ट बांधलेल्या बंडलाच्या मध्यभागी असल्यामुळेच त्या खाऱ्या पाण्यातूनही इतक्या चांगल्या अवस्थेत वाचल्या असाव्यात, असे लिलाव करणाऱ्या संस्थेचे म्हणणे होते. बंडलातली वरची आणि खालची नोट मार खाते व मधली वाचते, हा अनुभव समुद्रापासून घरातल्या कपाटापर्यंत सारखाच आहे.

भारतीय नोट आणि दोन भोके

परदेशी संग्राहकाने भारतीय नोटा प्रथम पाहिल्या, की त्याच्या डोळ्यात खुपतात ती डाव्या बाजूची भोके. आपल्याकडे शंभर नोटांचे पुडके जाड तारेच्या पिना मारून पक्के करण्याची पद्धत अनेक दशके होती. ते सोडवताना रोखपाल पिना उपसून काढीत, नाहीतर ग्राहक नोट ओढून घेई. त्यामुळे भोक मोठे होई आणि प्रसंगी कड फाटे. शिवाय वरच्या नोटेच्या कोऱ्या भागावर, म्हणजे जलचिन्हाच्या जागी, पेनाने आकडे लिहिण्याचीही सवय होती. रिझर्व्ह बँकेने स्वच्छ नोटांच्या धोरणाखाली नोव्हेंबर २००१ मध्ये बँकांना पुडक्यांना पिना मारणे बंद करून कागदी पट्ट्या वापरण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या नोटा या जाचातून पुष्कळशा सुटल्या.

मग त्याआधीची पिनेची भोके असलेली नोट ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणायची की नाही? हा वाद जुना आहे. व्यवहारात त्यावर तोडगा निघाला आहे, तो असा, की भोके नोट बाहेर पडतानाच पडलेली असतील तर अवस्थेचा दर्जा द्यावा, मात्र भोकांचा उल्लेख वेगळा करावा. भोके नसलेली त्या काळातील नोट साहजिकच अधिक दराने जाते. येथेच लबाडीला वाव मिळतो. कागदाचा लगदा भरून भोके बुजवणारे कारागीर आहेत. नोट उजेडासमोर धरली, की बुजवलेली जागा आजूबाजूच्या कागदापेक्षा दाट किंवा विरळ दिसते आणि कारागिरी उघडी पडते.

याच्या उलट, दिसायला दोष असूनही दोष न मानण्याजोगी एक खूण आहे. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडल्यामुळे सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढली. तिच्या मागोमाग दोन रुपये आठ आण्यांची, म्हणजे अडीच रुपयांची, नोट आली. १ जानेवारी १९२६ पासून दोन्ही बंद झाल्या. एक रुपयाच्या या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकेतूनही दिल्या जात. चेकबुकातून चेक फाडावा तशी नोट फाडून घ्यायची. अशा नोटेची डावी कड खरबरीत असणे हा तिचा जन्मखुणेसारखा पुरावा आहे. ती कड कात्रीने ‘सुबक’ करणाऱ्याने नोटेची हानीच केलेली असते.

इतक्या थोड्या का उरल्या?

भारतात सरकारने नोटा काढण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला तो १८६१ च्या कायद्याने. त्याआधी बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या बँकांच्या नोटा चालत. सरकारच्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणीचे चित्र होते आणि त्या एकाच बाजूने छापलेल्या असत. बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्याने १८६७ मध्ये त्या मागे घेऊन नवी मालिका आणावी लागली. या जुन्या नोटांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. टपालाने पैसे पाठवताना चोरीची भीती असे. म्हणून नोट मधोमध कापून आधी अर्धी पाठवायची आणि ती पोचल्याचा निरोप आला की दुसरी अर्धी पाठवायची, असा रिवाज होता. पलीकडचा माणूस दोन्ही तुकडे चिकटवून नोट वापरी. त्या काळातील अखंड, न कापलेली, न टाचलेली नोट आज का मिळत नाही, याचे निम्मे उत्तर येथे आहे.

उरलेले निम्मे उत्तर साध्या घरगुती हिशेबात आहे. नोट कोरी राहण्यासाठी ती कोणीतरी खर्च न करता ठेवावी लागते, आणि तेवढी ऐपत असावी लागते. रिझर्व्ह बँकेने १९३८ मध्ये सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली पाच रुपयांची पहिली नोट काढली. त्याच वर्षी दहा, शंभर, हजार आणि दहा हजारांच्याही नोटा आल्या. त्या काळी शंभर रुपये ही सामान्य कुटुंबाला काही महिने पुरणारी रक्कम होती. ती आठवण म्हणून कपाटात कोण ठेवणार? म्हणून जुन्या मालिकांत एक-दोन रुपयांच्या कोऱ्या नोटा अजून दिसतात, पण दर्शनी मूल्य चढत जाते तशी कोरी नोट दुर्मीळ होत जाते.

मोठ्या नोटांवर तर सरकारनेच घाव घातला. १२ जानेवारी १९४६ रोजी पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. १९५४ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा पुन्हा आल्या आणि १६ जानेवारी १९७८ रोजी त्याही रद्द करण्यात आल्या. ज्यांच्याकडे अशा नोटा होत्या त्यांनी त्या मुदतीत बदलून घेतल्या, आणि जमा झालेल्या नोटा नष्ट झाल्या. लहान नोटा वापरून झिजल्या, मोठ्या परत गेल्या. त्यात आपले हवामान. कोकणपट्टीचा दमटपणा, पावसाळ्यातली ओल, वाळवी आणि कसर यांच्या तावडीतून सुटलेला कागद तो किती असणार!

सह्यांचा इतिहास

संग्राहक एकाच दिसण्याच्या अनेक नोटा का जमवतात, याचे कोडे इतरांना पडते. उत्तर बहुधा सहीत असते. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नरची सही असते. एक रुपयाची नोट मात्र रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवाची सही असते आणि ‘मैं धारक को...’ हे वचनही तिच्यावर नसते. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर आली नाही. पहिली सही आली ती सर जेम्स टेलर यांची.

त्यांच्यानंतर १९४३ मध्ये गव्हर्नर झाले ते चिंतामणराव देशमुख. या पदावरील ते पहिले भारतीय. इंग्लंडच्या राजाचे चित्र आणि त्याखाली एका मराठी माणसाची सही, अशा त्या नोटा आहेत. महाराष्ट्रातील संग्राहकांना त्यांचे विशेष अप्रूप वाटते ते स्वाभाविक आहे. स्वतंत्र भारताची पहिली नोट एक रुपयाची. १९४९ मध्ये राजाच्या जागी अशोकस्तंभ आला आणि सही होती के. आर. के. मेनन यांची. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त सेवाग्रामच्या आश्रमापुढे बसलेल्या गांधीजींचे चित्र असलेली मालिका निघाली. तिच्यातील दोन रुपयांपासून वरच्या बहुतेक नोटांवर एल. के. झा यांची सही आहे. भास्कर आडारकर हे मे-जून १९७० मध्ये अवघे सहा आठवडे गव्हर्नर होते, तरी त्यांच्या सहीच्याही काही नोटा या मालिकेत आहेत. चित्र तेच, कागद तोच, पण सही बदलली की नोट बदलली. डॉ. मनमोहन सिंग यांची सही तर दोन्हीकडे सापडते. वित्त सचिव म्हणून एक रुपयाच्या नोटेवर आणि पुढे गव्हर्नर म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर.

गोव्याचा इतिहास निराळा आहे. तेथे पोर्तुगीज सत्तेने १८८३ च्या सुमारास ‘रुपिया’च्या नोटा काढल्या. १९०६ पासून हे काम ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनो’ या बँकेकडे गेले. १९५९ मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. एस्कुदोच्या नोटांना पुरी तीन वर्षेही राबावे लागले नाही. मराठवाडा हा तेव्हा हैदराबाद संस्थानाचा भाग असल्याने, तेथील जुन्या पेढ्यांच्या आणि वाड्यांच्या कागदपत्रांत निजामाच्या नोटा निघण्याचा संभव असतो. तात्पर्य, आपल्या भागाचा राजकीय इतिहास घरातल्या दप्तरात चलनाच्या रूपाने पडलेला असू शकतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक रुपयाची नोट निवडावी, असे सुचवावेसे वाटते. १९४९ पासून तिच्या सह्यांची मालिका सलग लावता येते. १९९४ मध्ये छपाई थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे तिला स्वतःचा असा एक खंडित इतिहासही आहे. अलीकडच्या बहुतेक सह्या कोऱ्या अवस्थेत माफक दरात मिळतात आणि त्या हाताळताना खऱ्या कोऱ्या कागदाची नजरेला व कानाला ओळख होते. ही ओळख झाल्याशिवाय महाग नोटेच्या वाटेला जाऊ नये.

धुतलेली, दाबलेली, कापलेली

कोरेपण परत आणता येत नाही. तरीही ते परत आणल्याचा देखावा मात्र करता येतो आणि या बाजारातील बहुतेक फसवणूक तेथेच होते. येथे नोट बनावट नसते. नोट अस्सलच असते, तिची अवस्था बनावट असते. कायद्याचा धाक बनावट नोटेला आहे, बनावट अवस्थेला ग्राहकाची नजर हाच काय तो अडसर आहे.

पहिला प्रकार धुण्याचा. मळकी नोट धुऊन, कांजी देऊन, वाळवून ताठ केली जाते. अशी नोट पांढरी दिसते, पण मूळची चकाकी आणि शाईचा टवटवीतपणा गेलेला असतो. कपड्यांच्या साबणात पांढरेपणा वाढवणारी द्रव्ये असतात. ती कागदात उरली की अतिनील दिव्याखाली नोटेचा कागद निळसर उजळून उठतो. नोटांचा मूळ कागद अशा दिव्याखाली मंदच राहतो. दुसरा प्रकार दाबण्याचा. घडी पडलेली नोट किंचित ओलसर करून वजनाखाली किंवा इस्त्रीने सपाट करतात. समोरून पाहिल्यास घडी दिसत नाही. नोट डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून बाजूने उजेड टाकला, की घडीची बारीक रेघ सावलीसारखी उमटते. शिवाय उठावाच्या छपाईमुळे कोऱ्या नोटेच्या पृष्ठभागाला जी नैसर्गिक लहर आणि खडबडीतपणा असतो, तो दाबलेल्या नोटेत मेलेला असतो. ती नको तितकी सपाट दिसते.

तिसरा प्रकार कापण्याचा. वापराने गोलावलेले कोपरे पुन्हा टोकदार करण्यासाठी चारही बाजूंनी मिलिमीटरभर कड कातरतात. त्यावर उपाय सोपा आहे. त्याच मालिकेच्या खात्रीच्या नोटेशी लांबी-रुंदी ताडून पाहावी आणि चारही बाजूंचा कोरा काठ बघावा. कोपरे गोल आणि कागद मात्र झकास पांढरा, अशी विसंगती दिसली तरी नोट धुतलेली असण्याचा संशय घ्यावा. हाताला मळ लागण्याआधी कोपरे झिजत नाहीत.

या परीक्षा ज्यांना जमत नाहीत, त्यांच्यासाठी दर्जा ठरवून देणाऱ्या व्यावसायिक संस्था आहेत. अमेरिकेतील ‘पेपर मनी गॅरंटी’ ही २००५ मध्ये सुरू झालेली संस्था त्यात प्रसिद्ध आहे. ती नाण्यांसाठी रूढ असलेली ७० गुणांची पट्टी वापरते. ६० ते ७० गुण म्हणजे अनसर्क्युलेटेड. ६५ आणि त्यावरचे गुण मिळण्यासाठी कागद मूळ अवस्थेत असणे, म्हणजे त्यावर कसलेही संस्कार झालेले नसणे, सक्तीचे आहे. नोट पारदर्शक कवचात बंद होऊन येते आणि त्यावर गुण व शेरे छापलेले असतात. भारतीय नोटांच्या कवचावर पिनेची भोके मूळचीच असल्याचा शेराही अनेकदा असतो.

या पद्धतीने व्यवहारात विश्वास आला, हे मान्य केले पाहिजे. तथापि तिने एक नवा रोगही आणला. ६४ आणि ६६ गुणांच्या दोन नोटांत नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा फरक पुष्कळदा नसतो, पण भावात मोठी तफावत पडते. संग्राहक नोटेऐवजी आकडा विकत घेऊ लागतो. कवचही बनावट निघू शकते, म्हणून त्यावरील क्रमांक संस्थेच्या नोंदींशी पडताळून घेण्याची सोय केलेली असते. ती वापरावी. आणि आणखी एक. कोऱ्या नोटेची दुर्मीळता ही ‘आजपर्यंत सापडलेल्या’ नोटांवर बेतलेली असते. उद्या एखाद्या जुन्या तिजोरीतून त्याच नोटांचे अख्खे पुडके निघाले, तर भाव उतरतो. ठेवीला व्याज मिळते, नोटेला मिळत नाही. विकणारा जो भाव सांगतो त्या भावाने विकत घेणारा मिळेलच, असेही नाही. गुंतवणूक म्हणून या छंदाकडे वळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवलेले बरे.

राखण

नोट टिकवण्याचे शास्त्र म्हणजे बव्हंशी काय करू नये याची यादी आहे. लॅमिनेशन करू नये. त्याने नोट कायमची संपते, कारण प्लास्टिक सोडवताना छपाईच सुटून येते. सेलोटेप लावू नये, इस्त्री करू नये, खोडरबर फिरवू नये, मागे तारीख लिहू नये. स्वस्त अल्बमची पाने पुष्कळदा पीव्हीसी प्लास्टिकची असतात. त्यातील मऊपणा आणणारी द्रव्ये कालांतराने बाहेर पडून कागद चिकट व डागाळलेला करतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात नोट सपाट ठेवावी. हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून, कडांनी धरावी. थुंकी लावून मोजण्याची सवय असेल तर ती या कपाटापासून दूर ठेवावी.

उजेडाने शाई उडते, म्हणून नोट फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. पोटमाळा आणि बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट टाळावे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवाव्यात, पण नोटेला लागून नकोत. डांबरगोळ्यांचेही तेच. वर्षातून दोनदा संग्रह उघडून नुसता पाहिला तरी कसर आणि बुरशी वेळेत कळते.

कायदा आणि आमिष

रद्द झालेल्या नोटा बाळगण्याबाबत पुष्कळांच्या मनात संभ्रम असतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झालेल्या पाचशे व हजारच्या नोटांसाठी २०१७ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यानुसार सर्वसाधारण व्यक्तीला अशा जास्तीत जास्त दहा नोटा, तर अभ्यास, संशोधन किंवा चलनसंग्रहासाठी पंचवीसपर्यंत नोटा जवळ ठेवता येतात. त्याहून अधिक नोटा सापडल्यास दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यापैकी जी रक्कम जास्त असेल तेवढ्या दंडाची तरतूद आहे. कोऱ्या पुडक्याच्या मोहात हा आकडा विसरू नये.

दुसरा धोका आमिषाचा आहे. क्रमांकात ७८६ असलेली नोट किंवा ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाचाची नोट लाखोंना विकली जाईल, अशा जाहिराती समाजमाध्यमांवर सतत फिरतात. विकणाऱ्याकडून आधी ‘नोंदणी शुल्क’, मग ‘कर’, मग ‘कमिशन’ उकळले जाते आणि खरेदीदार नाहीसा होतो. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून हे प्रकार होऊ लागल्याने बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर खुलासा करून, जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला संबंध नसून आपण त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही, असे सांगितले होते. विकणाऱ्याकडून पैसे मागणारा ग्राहक हा ग्राहक नसतो, एवढी खूणगाठ बांधली तरी पुरे.

आता मूळ प्रश्न उरतो. नोट हा वापरण्यासाठी जन्माला आलेला कागद आहे. हजार हातांतून गेलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, कोणीतरी हिशेब लिहिलेल्या नोटेत माणसांचा इतिहास असतो. मग जिने काहीच केले नाही, त्या नोटेचे एवढे कौतुक कशासाठी? हा आक्षेप रास्त आहे आणि कित्येक जाणते संग्राहक मुद्दाम झिजलेल्या नोटाही जपतात. पण कोऱ्या नोटेचे एक काम दुसरी कोणतीही नोट करू शकत नाही. नाशिकच्या छापखान्यात १९२८ पासून भारताच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या. तेथील कारागिरांनी कोरलेली रेघ किती बारीक होती, जांभळा नेमका किती जांभळा होता, जलचिन्ह किती स्वच्छ उमटले होते, याची साक्ष केवळ हीच नोट देते. झिजलेली नोट समाजाविषयी सांगते, कोरी नोट ती घडवणाऱ्यांविषयी. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. तेथे जुन्या नोटांसमोर थोडा वेळ उभे राहिले, की या दोन साक्षींतला फरक सांगावा लागत नाही.

तेव्हा जुनी ट्रंक आवरताना एखादी कोरी नोट हाती लागलीच, तर ती पुसू नका, सरळ करू नका, घडी घालून पाकिटात ठेवू नका आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात फिरवू नका. एका स्वच्छ, कोरड्या, सपाट पाकिटात ती सरकवून ठेवा. तिची किंमत काय, हे नंतर सावकाश विचारता येते.